परवान्यावरचं दुसरं नाव

माझा मावसभाऊ चाकणला फिटर आहे. आयटीआय करून त्याला सात वर्षं झाली. गेली दीड वर्षं पाळी सुटली की तो जर्मनच्या क्लासला जातो आणि कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर ‘डेर-डी-डास’ घोकत बसतो. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला त्यानं मला एक पीडीएफ पाठवली. श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या कारखान्याचं करारपत्र होतं. मी जर्मन शिकवतो, त्यामुळे नात्यागोत्यातले असले कागद माझ्याकडेच येतात.

खाली दोन प्रश्न होते. “दादा, पगार ठीक आहे ना? आणि तिथं गेल्यावर नाही जमलं, तर दुसऱ्या कंपनीत जाता येतं का?”

पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्यासाठी ‘उद्या सांगतो’ म्हटलं. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते एका ओळीत मावणारं नव्हतं. जर्मनीत बाहेरून कामाला गेलेली माणसं हा प्रश्न शंभरहून जास्त वर्षं विचारत आली आहेत आणि प्रत्येक पिढीला त्याचं वेगळं उत्तर मिळालं आहे.

कामाच्या परवान्यामागे नेहमी दोन नावं असतात. एक कामगाराचं, दुसरं मालकाचं. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. स्पेलिंग बरोबर आहे का, पासपोर्टशी जुळतंय का, हे घरातले चार जण तपासून बघतात. दुसऱ्या नावाकडे फारसं कुणी बघत नाही. हा लेख त्या दुसऱ्या नावाबद्दल आहे.

लाल कार्ड

गोष्ट सुरू होते बिटाच्या शेतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत बिटापासून साखर करण्याचा धंदा जोरात होता. खुरपणीला आणि काढणीला माणसं लागत. ती पूर्वेकडून येत, बहुतेक पोलिश. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. पोलिश लोक रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात वाटले गेले होते. आपल्याकडे बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, तशाच या टोळ्या मुकादमाबरोबर हंगामाला निघत.

प्रशियाच्या सरकारला हे मजूर हवे होते, पण ते राहायला नको होते. १८८५मध्ये बिस्मार्कच्या काळात हजारो पोलिश लोकांना देशाबाहेर काढलं. जमीनदारांची ओरड सुरू झाली. पाच वर्षांत, १८९०ला, दार पुन्हा उघडलं, पण एका अटीवर. हंगाम संपला की हिवाळ्यात परत जायचं. दरवर्षी.

ही अट पाळली जाते की नाही, हे बघायला कागद लागला. १९०८पासून प्रशियात परदेशी मजुराला एक कार्ड सक्तीचं झालं. नाव होतं ‘लेगिटिमात्सिओन्सकार्टे’, म्हणजे ओळखपत्र आणि परवाना एकातच. पोलिश मजुराचं कार्ड लाल रंगाचं असे. त्यावर मजुराचं नाव असे आणि मालकाचं नावही असे. मालक बदलायचा तर आधीच्या मालकानं सोडल्याचं लिहून द्यावं लागे. तसं न करता कुणी निघून गेला आणि पोलिसांना सापडला, तर त्याची रवानगी सरहद्दीपलीकडे.

कोकणातल्या ज्यांच्या घरातलं कुणी आखातात जाऊन आलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे त्या दुसऱ्या नावाला ‘कफील’ म्हणतात.

मग १९१४ साली महायुद्ध पेटलं. रशियाच्या हद्दीतून आलेले लाखो पोलिश मजूर तेव्हा जर्मनीत होते. ज्या सरकारनं त्यांना वीस-पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात घरी जायला लावलं होतं, त्याच सरकारनं आता त्यांना घरी जायलाच बंदी केली. शेतात आणि कारखान्यात हात हवे होते. थोडक्यात, आधी ‘राहू नकोस’ आणि मग ‘जाऊ नकोस’. दोन्ही वेळा मजुराला कुणी विचारलं नाही.

‘पाहुणे’

दुसऱ्या महायुद्धात परवान्याचा प्रश्नच उरला नाही. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मनीत सत्तर लाखांहून जास्त परदेशी लोक आणि युद्धकैदी कामाला जुंपलेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना जबरदस्तीनं आणलेलं होतं. पोलिश कामगारांच्या कपड्यांवर ‘पी’ हे अक्षर असे, सोव्हिएत भागातून आणलेल्यांच्या कपड्यांवर ‘ओस्ट’, म्हणजे पूर्व.

त्यामुळे युद्धानंतर पश्चिम जर्मनीला पुन्हा बाहेरून माणसं आणायची वेळ आली, तेव्हा जुना शब्द वापरायची सोय राहिली नव्हती. आधी ‘फ्रेम्डआर्बायटर’ म्हणत, म्हणजे परका कामगार. आता लोकांच्या बोलण्यात नवा शब्द रुळला, ‘गास्टआर्बायटर’. पाहुणा कामगार. पाहुण्याला कुणी कामाला लावत नाही, हे जर्मनांनाही कळत होतं. पण पाहुणा कधीतरी परत जातो, हा त्या शब्दातला खरा अर्थ होता.

२० डिसेंबर १९५५ला रोममध्ये इटलीशी पहिला करार झाला. १९६०ला स्पेन आणि ग्रीस. १३ ऑगस्ट १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहायला लागली आणि पूर्व जर्मनीतून येणारा कामगारांचा ओघ थांबला. ३० ऑक्टोबर १९६१ला तुर्कस्तानशी करार झाला. पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ला युगोस्लाव्हिया. गाड्या, पोलाद, कोळसा, विजेची उपकरणं, सगळ्या धंद्यांत माणसं कमी पडत होती.

इस्तंबूलमधली रांग

परवाना मिळायचा कसा, ते तुर्कस्तानच्या उदाहरणावरून बघू, कारण त्याची पद्धत अगदी ठरलेली होती.

सुरुवात कामगारापासून होत नसे, कारखान्यापासून होई. जर्मन कारखाना आपल्या गावच्या रोजगार कार्यालयाला कळवी की आम्हाला अमुक कामासाठी इतकी माणसं हवीत. कार्यालय दोन गोष्टी बघे. या कामाला जर्मन माणूस खरंच मिळत नाही ना, आणि येणाऱ्यांच्या राहण्याची सोय कारखान्यानं केली आहे ना. मग ती मागणी इस्तंबूलच्या जर्मन संपर्क कार्यालयात जाई. तुर्की रोजगार खातं आपल्या यादीतून उमेदवार पाठवी. या यादीत नाव घालून लोक महिनोन्‌महिने, काही जण वर्षानुवर्षं वाट बघत.

बोलावणं आलं की आधी कामाची परीक्षा. मग डॉक्टर. लघवी, रक्त, छातीचा एक्स-रे, दात, जुन्या जखमांचे व्रण. पुरुषांना गटागटानं चड्डीवर उभं करून तपासत. जाँ मोर या छायाचित्रकारानं या तपासणीचे फोटो काढले आहेत. जॉन बर्जर या लेखकाबरोबर त्यानं केलेल्या ‘अ सेव्हन्थ मॅन’ या १९७५च्या पुस्तकात ते आहेत. अंगावर पेनानं नंबर लिहिलेली माणसं त्यात दिसतात. मी वर्गात हे फोटो दाखवतो, तेव्हा मुलं आधी हसतात आणि मग गप्प होतात.

पास झालेल्याला एका वर्षाचं करारपत्र मिळे, एका बाजूला जर्मन आणि दुसऱ्या बाजूला तुर्की. त्याबरोबर एक कार्ड मिळे. त्या कार्डावर तो व्हिसाशिवाय जर्मनीत शिरू शके आणि एक वर्ष काम करू शके, पण करारातल्या मालकाकडेच. कार्डाचं नाव? लेगिटिमात्सिओन्सकार्टे. प्रशियाचं राज्य बुडालं, मधे दोन महायुद्धं झाली, पण कार्डाचं नाव तेच राहिलं, आणि मालकाचं नावही सुटलं नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. हा करार दोन सरकारांमधला होता. पगार आणि विमा जर्मन कामगाराइतकाच द्यायचा, असं त्यात होतं. माणूस आणायचं शुल्क कारखाना सरकारी रोजगार खात्याला भरत असे, कामगार नाही. १९७३ला हे शुल्क ३०० मार्कांवरून १००० मार्कांवर नेलं. आज दलालाला लाखो रुपये देऊन परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. साठ वर्षांपूर्वी अनातोलियातला अर्धशिक्षित शेतकरी मालकाच्या पैशानं गेला होता.

यात फक्त पुरुष नव्हते. रेडिओ आणि टेलिफोनच्या कारखान्यांना बारीक कामासाठी बायका हव्या असत. नवऱ्याच्या आधी एकटी गेलेली बाई, हे त्या काळात अनेक तुर्की घरांत घडलं. एमिने सेव्हगी ओझदामार १९६५ साली अशीच पश्चिम बर्लिनच्या कारखान्यात कामाला गेली. पुढे ती जर्मन भाषेतली मोठी लेखिका झाली आणि २०२२ला तिला जर्मन साहित्यातला मानाचा गेओर्ग ब्युशनर पुरस्कार मिळाला.

फलाट ११

इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवरून खास गाड्या सुटत. दोन-तीन दिवसांच्या प्रवासानंतर त्या म्युनिकच्या फलाट क्रमांक ११वर पोचत. फलाटाखाली युद्धकाळातला बाँबपासून बचावाचा तळघरखंदक होता. उतरलेल्यांना तिथं नेत, खायला देत, याद्या वाचत, आणि कोण कुठल्या कारखान्याचा हे ठरलेलंच असल्यानं त्याप्रमाणे पुढच्या गाड्यांत बसवत.

कारखान्याच्या वसतिगृहात एका खोलीत चार-सहा जण, वर-खाली पलंग. भाडं पगारातून कापलं जाई. आता नीट बघा. नोकरी मालकाची, पलंग मालकाचा आणि परवान्यावर नावही मालकाचंच. एक सुटलं की तिन्ही सुटणार. ‘नाही जमलं तर दुसरीकडे जाता येतं का’ या प्रश्नाचं त्या काळचं उत्तर यातच आलं.

१० सप्टेंबर १९६४ला कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगीज आणि स्पॅनिश कामगारांची गाडी आली. मालकांच्या संघटनेनं बँड लावला होता. दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मांडो रॉड्रिगेझ दे सा या ३८ वर्षांच्या पोर्तुगीज सुताराचं नाव पुकारलं गेलं. तो आधी पुढे आलाच नाही. नाव पुकारलंय म्हणजे कागदात काहीतरी चूक निघाली असणार आणि आपल्याला परत पाठवणार, अशी त्याला भीती वाटली. मग त्याला पुढे आणलं, फुलं दिली आणि एक नवी झुंडाप मोपेड बक्षीस दिली. मोपेडवर बसलेल्या, गोंधळलेल्या त्या माणसाचा फोटो जर्मनीच्या शाळेच्या पुस्तकांतून छापला जातो. ती मोपेड आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

फोटोनंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. काही वर्षांनी तो आजारी पडला, पोर्तुगालला परतला, आणि साठवलेले पैसे औषधपाण्यात गेले. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आजारपणाचे पैसे मागायचा हक्क आपल्याला आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. १९७९ला तो कर्करोगानं वारला. हक्क कागदावर होता. तो त्या भाषेत वाचून सांगणारं कुणी नव्हतं.

दोन वर्षं, मग पाच वर्षं

१९६१च्या करारात तुर्की कामगारांसाठी एक खास कलम होतं. दोन वर्षं झाली की परत जायचं, त्याच्या जागी नवा माणूस येईल. सरकारला वाटलं, असं केलं की कुणी मुळं धरणार नाही.

हे कलम मोडलं ते कारखान्यांनी. दोन वर्षांत माणूस यंत्र शिकतो, थोडी भाषा शिकतो, आणि हाताला वेग येतो तोवर त्याला परत पाठवायचं? मालकांना हे परवडणारं नव्हतं. १९६४ला करार सुधारला आणि दोन वर्षांची अट गेली. शिवाय कारखान्यांना नावानिशी माणूस मागवायची मुभा होती. मग फोरमनला सांगून भाऊ आला, मेहुणा आला, गावातला मित्र आला, बायकोही कामगार म्हणून आली.

१९६५ला परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा झाला. तोपर्यंत १९३८चा, म्हणजे नाझी काळातला पोलिसी नियमच वापरात होता. नव्या कायद्यातही राहण्याची परवानगी देणं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. जर्मनीच्या हिताला बाधा येत नसेल तर द्यावी, इतकंच. १९६६-६७च्या मंदीत याचा अर्थ सगळ्यांना कळला. परदेशी कामगारांचा आकडा सुमारे तेरा लाखांवरून दहा लाखांच्या खाली आला. कराराची मुदत संपत गेली, ती वाढवली नाही, एवढंच करावं लागलं.

१९७१ला मात्र एक दार किलकिलं झालं. सलग पाच वर्षं कायदेशीर काम केलेल्या परदेशी कामगाराला खास परवाना मिळायला लागला. या परवान्यावर मालकाचं नाव नसे. कुठल्याही कारखान्यात, कुठलंही काम. प्रशियाच्या लाल कार्डापासून मोजलं, तर दुसरं नाव पुसायला त्रेसष्ट वर्षं लागली, आणि तेही पाच वर्षं थांबल्यावर.

१९७३चा ऑगस्ट आणि नोव्हेंबर

ऑगस्ट १९७३. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात हजारो तुर्की कामगार होते. वार्षिक सुट्टी चार आठवड्यांची. मोटारीनं अनातोलियाला जायचं आणि यायचं यातच बरेच दिवस जात. त्या वर्षी सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे जणांना काढून टाकलं आणि त्यांचं काम उरलेल्यांवर टाकलं. कामगारांनी यंत्रं थांबवली. आठवडाभर कारखाना बंद होता. वर्तमानपत्रांनी त्याला ‘तुर्कांचा संप’ म्हटलं. बहुतेक जर्मन कामगार बाजूला राहिले, पोलीस आत आले, संप मोडला, आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

त्याच महिन्यात नॉइस या गावात पियरबुर्ग नावाच्या, गाड्यांचे कार्ब्युरेटर करणाऱ्या कारखान्यात बायका संपावर गेल्या. युगोस्लाव्ह, ग्रीक, तुर्की, इटालियन, स्पॅनिश. त्यांना ‘हलक्या कामाचा गट क्रमांक २’ या नावाखाली कमी पगार मिळे. काम यंत्रावरचंच होतं, फक्त करणारी बाई होती. इथं मात्र जर्मन कुशल कामगार त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तो पगारगट रद्द झाला, तासाचा दर वाढला. एक संप हरला आणि एक जिंकला. दोन्हींत फरक पडला तो शेजारच्या यंत्रावरच्या माणसानं काय केलं याचा.

मग तेलाचं संकट आलं. २३ नोव्हेंबर १९७३ला सरकारनं बाहेरून कामगार आणणं एका आदेशानं थांबवलं. तेव्हा जर्मनीत सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते. १९५५पासून एकूण सुमारे १ कोटी ४० लाख लोक आले होते आणि त्यातले १ कोटी १० लाख परत गेले होते. म्हणजे पाहुणे खरोखर पाहुण्यासारखेच वागले होते.

बंदीचा परिणाम उलटा झाला. तोवर माणूस दोन वर्षं काम करून गावी जाई, पैसे संपले की परत येई. आता एकदा गेलं की परत येता येणार नव्हतं. मग ज्यांना जायचं होतं, त्यांनीही विचार बदलला. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. कामगारांचा आकडा घटला, पण परदेशी लोकवस्ती घटली नाही, पुढे वाढलीच. १९८३ला सरकारनं परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. काही गेले, बहुतेक राहिले. शाळेत जाणारी मुलं होती, घरं होती. नुसत्या पैशानं ते सोडवत नव्हतं.

एका भारतीयाचा खटला

या सगळ्या इतिहासात आपला माणूस कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. भारताशी असा करार कधी झालाच नव्हता. तरीही जर्मनीच्या घटना न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल एका भारतीयामुळे आला आहे.

हा माणूस १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी जर्मनीत आला होता. मग तिथंच काम करू लागला. राहण्याची परवानगी ठरावीक मुदतीची, पण दर वेळी काही न बोलता वाढवून मिळत होती. १९७३च्या सुमारास ती अचानक नाकारली. कारण दिलं की जर्मनी हा परदेशी लोकांनी येऊन वसावं असा देश नाही. त्याच्याविरुद्ध गुन्हा नव्हता, नोकरी होती, कर भरत होता.

तो वरच्या वरच्या कोर्टात गेला. २६ सप्टेंबर १९७८ला घटना न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की तुम्ही वर्षानुवर्षं परवानगी वाढवत गेलात, त्यावर विसंबून या माणसानं आपलं आयुष्य इथं मांडलं. त्या विश्वासाला घटनेचं संरक्षण आहे. केवळ ‘आमचं धोरण तसं नाही’ एवढं सांगून तुम्ही तो मोडू शकत नाही.

या निकालाचा फायदा पुढे लाखो तुर्की, युगोस्लाव्ह, इटालियन कुटुंबांना झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्या भारतीयाच्या कुठल्याही एका कागदावर ‘तुला राहायचा हक्क आहे’ असं लिहिलेलं नव्हतं. हक्क सापडला तो एकामागून एक बसलेल्या शिक्क्यांमध्ये. त्यानं ते सगळे कागद जपून ठेवले नसते, तर खटल्यात दाखवायला काय राहिलं असतं?

भिंतीपलीकडे

याच काळात पूर्व जर्मनीनंही कामगार आणले. १९७९ला मोझांबिकशी आणि १९८०ला व्हिएतनामशी करार झाले. तिथं मालक म्हणजे सरकारी कारखाना. कामगार वेगळ्या वसतिगृहात राहत. बाई गरोदर राहिली, तर जवळजवळ शेवटपर्यंत नियम होता, गर्भपात कर नाहीतर देशी परत जा. मोझांबिकच्या कामगारांच्या पगाराचा काही भाग कापून घेत आणि ‘घरी गेल्यावर मिळेल’ असं सांगत. घरी गेल्यावर बहुतेकांना तो पूर्ण मिळाला नाही. भिंत पडली, देश बुडाला, कारखाने बंद झाले. मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, हे कामगार केस पांढरे होईपर्यंत दर बुधवारी मोर्चा काढत राहिले.

पगाराचं कुठलं कलम आपण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो, त्याची किंमत अशी असते.

आताचं करारपत्र

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल कामगार पाठवायचं ठरलं. इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर, नर्स. त्याआधी ५ डिसेंबर २०२२ला भारत-जर्मनीचा स्थलांतराचा करार झाला होता. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीचे व्हिसे वर्षाला २०,०००वरून ९०,०००पर्यंत वाढवायचं जाहीर केलं. जर्मनीची लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे आणि त्यांना माणसं हवी आहेत. या वेळी ‘पाहुणा’ कुणी म्हणत नाही.

आता छाती तपासायला रांग नाही. आता तपासतात ते शिक्षण. दोन वर्षांचा फिटरचा आयटीआय त्यांच्या शिक्षणाशी कितपत जुळतो, हे ठरवून मान्यता मिळवावी लागते. २०२४पासून एक सोय अशीही आहे की थोडी भाषा, दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि नोकरीचा करार असेल, तर आधी जायचं आणि मान्यतेचं काम तिथं जाऊन, मालकाच्या मदतीनं पुरं करायचं. भावाला याच वाटेनं जायचं आहे. म्हणजे दुसरं नाव पुन्हा आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. सांगितलं की मालक बदलता येतो, पण पहिली साधारण दोन वर्षं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारून. आणि मान्यता पुरी व्हायच्या आत सोडलंस तर अवघड होईल, कारण तुझा मुक्कामच या मालकाबरोबरच्या करारावर उभा आहे. तिथं प्लास्टिकचं कार्ड मिळेल, त्याबरोबर घडी घातलेला एक कागद मिळेल. त्या कागदावर अटी असतात. कार्डापेक्षा तो कागद जप. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवायचं असतं. घर कंपनीचं असेल तर ते किती दिवस ठेवता येईल, हे आत्ताच विचार. आणि इथल्या एजंटनं पैसे मागितले, तर त्याचा सरकारी परवाना बघ. कायद्यानं त्याला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

“आणि ते बारावं कलम वाचलंस का?” मी विचारलं.

नव्हतं वाचलं. त्यात लिहिलं होतं की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर भाषेच्या प्रशिक्षणाचा आणि प्रवासाचा खर्च कामगारानं परत करायचा. किती, ते लिहिलं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे उचलच की, दादा.”

आमचं आजोळ ऊसतोडीच्या भागातलं. त्याला ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

“मग जाऊ नको का?”

“जा की. पण आकडा लिहून घे. आणि दर महिन्याला तो कमी होत जाईल असंही लिहून घे. सहा महिन्यांनी सोडलं आणि तेवीस महिन्यांनी सोडलं, दोन्हींना सारखेच पैसे कसे?”

“त्यांना राग आला तर?”

मी त्याला पियरबुर्गच्या बायकांची गोष्ट सांगितली. त्या भारतीयाच्या खटल्याचीही सांगितली. राग येईलच असं नाही, म्हटलं, आणि आला तर इथं बसून कळलेला बरा.

रविवारी त्यानं कंपनीला ईमेल लिहिला, स्वतःच्या जर्मनमध्ये. पाठवण्याआधी मला दाखवला. दोन ठिकाणी ‘डेर’च्या जागी ‘डी’ झालं होतं, तेवढं मी दुरुस्त केलं. बाकी काही हात लावला नाही. खाली त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, पासपोर्टवर आहे तसं.

अजून उत्तर आलेलं नाही. तो मात्र क्लासला रोज जातो आहे.